रोमन नाणं ओळखताना: आधी काटा, मग अक्षरं, चेहरा सगळ्यात शेवटी

रोमन नाणं हातात आलं की नवखा माणूस आधी चेहरा बघतो. नाक असं, हनुवटी तशी, म्हणजे हा नीरो असणार, असं ठरवून मोकळा होतो. पुढचं सगळं त्या एका अंदाजावर उभं राहतं आणि बहुतेक वेळा तोच चुकलेला असतो. झिजलेल्या नाण्यावरचे चेहरे एकसारखे दिसतात. एकाच सम्राटाची रोममध्ये पाडलेली आणि अंतिओकमध्ये पाडलेली नाणी समोरासमोर ठेवली तर दोन वेगळी माणसं वाटतील. कॉन्स्टंटाइन आणि त्याची मुलं तर नुसत्या चेहऱ्यावरून जाणकारांनाही सांगता येत नाहीत. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: वजन, व्यास, कड, मग अक्षरं, मग मागचं चित्र. चेहऱ्याकडे शेवटी वळायचं, तेही आधी निघालेल्या उत्तराची खात्री करायला.

साहित्य फार लागत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर (प्लास्टिकचा घ्या, स्टीलचा कडेला ओरखडे पाडतो), १० पट मोठं दाखवणारं भिंग, लोहचुंबक, बाजूने उजेड टाकता येईल असा टेबल लॅम्प आणि एक वही. खाली टर्किश टॉवेल अंथरा. शतकानुशतकं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते. अशी नाणी फरशीवर पडून दोन तुकडे होतात.

मुळात ते रोमन आहे का?

महाराष्ट्रात ‘घरातलं जुनं रोमन नाणं’ म्हणून जे दाखवलं जातं, त्यात एक वस्तू वारंवार निघते, ती म्हणजे पुतळी. आजीच्या पुतळ्यांच्या माळेतलं सोन्याचं पातळ नाणं, एका बाजूला उभा संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला माणूस, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभी आकृती. हा व्हेनिसच्या डुकाटचा नमुना. गुडघे टेकलेला तो तिथला डोज, म्हणजे राज्यप्रमुख, समोरचा संत मार्क, आणि ताऱ्यांमधला येशू. अस्सल डुकाट साधारण ३.५ ग्रॅमचा. माळेतल्या बहुतेक पुतळ्या आपल्याकडच्या सोनारांनी त्यावरून केलेल्या नकला असतात. रोमन साम्राज्याशी तिचा काही संबंध नाही.

दुसरा घोटाळा क्षत्रपांच्या, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांच्या, चांदीच्या नाण्यांचा. त्यावर राजाचं मुंडकं बाजूने दिसतं, भोवती बिघडलेली ग्रीक अक्षरं असतात, त्यामुळे रोमन वाटणं साहजिक आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्यात नहपान या क्षत्रप राजाची अशी १३ हजारांहून जास्त नाणी होती आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. इथे काट्यावर लगेच निकाल लागतो. क्षत्रप नाणं दोन-सव्वादोन ग्रॅमचं आणि १५ मिलिमीटरच्या आसपास भरतं, तर डिनारियस हे रोमन चांदीचं नाणं सव्वातीन ते चार ग्रॅमचा आणि १७ ते १९ मिलिमीटरचा. शिवाय उत्तरकालीन क्षत्रप नाण्याच्या मागे तीन कमानींची टेकडी आणि ब्राह्मी अक्षरं असतात.

वजन आणि व्यास

नाणं तीनदा तोला, तिन्ही आकडे लिहा. व्यास सगळ्यात रुंद आणि सगळ्यात अरुंद जागी मोजा. ही नाणी हाताने ठोकून पाडलेली असल्यामुळे पूर्ण गोल नसतात, आणि अगदी कंपासने काढल्यासारखं गोल नाणं दिसलं तर जरा थांबायचं.

ऑगस्टसने बसवलेली व्यवस्था पाठ करून टाका: १ सोन्याचा ऑरियस म्हणजे २५ चांदीचे डिनारियस, १ डिनारियस म्हणजे ४ सेस्टर्टियस, १ सेस्टर्टियस म्हणजे २ ड्युपाँडियस किंवा ४ आस. ऑरियस ऑगस्टसच्या काळात जवळजवळ ७.९ ग्रॅमचा होता. इ.स. ६४ मध्ये नीरोने तो ७.३ च्या आसपास आणला आणि डिनारियस ३.९ वरून ३.४ ग्रॅमवर. सेस्टर्टियस हे मोठं पितळी नाणं, २५ ग्रॅमच्या आगेमागे आणि ३२ ते ३५ मिलिमीटर रुंद. ड्युपाँडियस आणि आस दोन्ही २६-२८ मिलिमीटरचे, म्हणून गोंधळ होतो. ड्युपाँडियस पितळेचा, आस तांब्याचा, पण जमिनीतला थर चढल्यावर धातूचा रंग कळत नाही. तिथे डोक्यावर बघा. सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट असेल तर ड्युपाँडियस, पानांची माळ किंवा उघडं डोकं असेल तर बहुधा आस.

किरणांचा मुकुट म्हणजे ‘दुप्पट किमतीचं नाणं’ ही खूण तिसऱ्या शतकातही चालते. कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये काढलेल्या नाण्याला आज अँटोनिनियानस म्हणतात. ते दोन डिनारियसच्या किमतीचं असावं असं मानलं जातं. राणीच्या नाण्यावर मुकुटाऐवजी खांद्याखाली चंद्रकोर असते. सुरुवातीला ते ५ ग्रॅमचं चांदीचं होतं. गॅलिएनसच्या शेवटच्या वर्षांत वजन तीन ग्रॅमच्या आत गेलं आणि चांदी नावापुरती उरली. म्हणून तांब्यासारखं दिसणारं, किरणांचा मुकुट असलेलं २० मिलिमीटरचं ओबडधोबड नाणं हातात आलं तर ते चांदीच्या नाण्याचंच उतरतं रूप असतं. नवखे लोक त्याला ड्युपाँडियस म्हणतात. वजन ३ ग्रॅम असेल तर तो ड्युपाँडियस नाही, कारण तो १२-१३ ग्रॅमचा हवा.

इ.स. २९४ च्या सुमारास डायोक्लेशियनने मोठं तांब्याचं नाणं काढलं, दहाएक ग्रॅमचं. त्याला संग्राहक फॉलिस म्हणतात. कॉन्स्टंटाइनचा सोन्याचा सॉलिडस ४.५ ग्रॅमचा, आणि तो शतकानुशतकं त्याच वजनावर टिकला. चौथ्या शतकातल्या तांब्याच्या नाण्यांची त्या काळची नावं नक्की ठाऊक नाहीत, म्हणून विक्रेते त्यांना नुसते आकडे देतात (एई म्हणजे तांबं-कांसं): २५ मिलिमीटरच्या वर एई-१, २१ ते २५ एई-२, १७ ते २१ एई-३, त्याहून लहान एई-४.

नाण्यावर ग्रीक अक्षरं असली तर ते साम्राज्याच्या पूर्वेकडच्या एखाद्या शहराने किंवा प्रांताने पाडलेलं नाणं. त्याचा कॅटलॉग वेगळा. सुरुवातीला ही नाणी बाजूला ठेवलेली बरी.

अक्षरं वाचणं

लॅटिन येत नसलं तरी अडत नाही. दहा-बारा संक्षेप ओळखता आले की काम चालतं. लॅम्प डावीकडून जवळजवळ आडवा लावा आणि नाणं सावकाश फिरवा. झिजलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ‘यू’ कुठेच सापडणार नाही, त्याचं काम ‘व्ही’ करतो. लेख बहुधा डाव्या खांद्यापाशी सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने जातो.

आय-एम-पी म्हणजे इंपरेटर, सम्राट. सी-ए-ई-एस म्हणजे सीझर, ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस. ही दोन्ही पदं आहेत. ए-व्ही-जी वाचून ‘ऑगस्टसचं नाणं!’ म्हणून उड्या मारू नका, कारण पुढची कित्येक शतकं प्रत्येक सम्राटाने ते लावलं. पी-एम म्हणजे मुख्य पुरोहित, टी-आर-पी म्हणजे ट्रिब्यून या लोकप्रतिनिधीचे अधिकार, सी-ओ-एस म्हणजे कॉन्सल हे रोमचं सर्वोच्च वार्षिक पद, दोन पी म्हणजे राष्ट्रपिता. डी-एन, म्हणजे ‘आमचे स्वामी’, दिसलं तर नाणं बहुतेक चौथ्या शतकातलं किंवा त्यानंतरचं. मागच्या बाजूला मोठं एस-सी असेल तर ते ‘सिनेटच्या ठरावाने’, आणि ते तांब्या-पितळेच्या नाण्यांवरच नेहमी दिसतं.

एक नाणं जवळून बघू. चांदीचं, ३.२८ ग्रॅम, १८.५ मिलिमीटर. म्हणजे नीरोनंतरचा डिनारियस. पुढे उजवीकडे बघणारं, माळ घातलेलं मस्तक. लेख उच्चारी असा: इम्प ट्रायानो आउग गेर डाक, पी-एम, टी-आर-पी. मागे: सी-ओ-एस, मग एक व्ही, दोन पी, मग एस-पी-क्यू-आर ओप्तिमो प्रिंक.

ट्रायानो म्हणजे ‘ट्राजनला’. नाव चतुर्थी विभक्तीत आहे, कारण मागचा लेख सांगतो की सिनेट आणि रोमन जनता हे ‘सर्वोत्तम शासकाला’ अर्पण करते. गेर म्हणजे जर्मनांचा विजेता, ही पदवी त्याला ९७ मध्ये मिळाली. डाक म्हणजे डाकियाचा विजेता, ती १०२ मधली. म्हणजे नाणं १०२ च्या आधीचं असूच शकत नाही. सी-ओ-एसनंतरचा व्ही हा आकडा पाच: पाचव्यांदा कॉन्सल. तो पाचव्यांदा कॉन्सल झाला १०३ मध्ये आणि सहाव्यांदा ११२ मध्ये. तेव्हा हे नाणं १०३ ते १११ मधलं. चेहऱ्याकडे अजून बघितलेलंही नाही आणि आठ-नऊ वर्षांपर्यंत काळ नेमका झाला.

आता मागची आकृती. उभी स्त्री, उजव्या हातात तराजू, डाव्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग: ही एक्विटास, न्याय्य व्यवहाराची देवता. तराजू नसून माळ असती आणि पाठीला पंख असते तर व्हिक्टोरिया. हातात सुकाणू असतं तर फोर्च्युना. आकृती ओळखताना आधी हातात काय आहे ते बघायचं, गणपती आणि विष्णूच्या मूर्तींत आयुधं बघतो तसं.

एवढं झालं की ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या दहा खंडांच्या कॅटलॉगमधला क्रमांक शोधा. ट्राजन दुसऱ्या खंडात आहे. खंड विकत घ्यायची गरज नाही. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘ओक्रे’ या मोफत ऑनलाइन सूचीत त्याच क्रमांकांनी शोधता येतं. सम्राट, मूल्य आणि मागच्या लेखातले चार-पाच सलग अक्षर टाकले की यादी छोटी होते. लेख अर्धवट असेल तर जेवढा नक्की वाचता येतो तेवढाच टाका. अंदाजाने भरलेलं एक चुकीचं अक्षर तासभर भलतीकडे फिरवतं.

चौथ्या शतकातल्या तांब्याच्या नाण्यांना वेगळी युक्ती लागते. मागच्या चित्राखाली आडवी रेघ असते, तिच्या खालची अक्षरं म्हणजे टांकसाळीची खूण. पी-टी-आर असेल तर पी म्हणजे पहिला कारखाना आणि टी-आर म्हणजे जर्मनीतलं आजचं ट्रियर. एस-एम-ए-एन-टी म्हणजे अंतिओकची शाही टांकसाळ. एस-एम-के म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं सिझिकस, पी-एल-ओ-एन म्हणजे लंडन. मागचं चित्र काळ सांगतं. दोन सैनिक आणि मध्ये दोन ध्वज: ३३० ते ३३५. तेच दोन सैनिक पण मध्ये एकच ध्वज: ३३५ नंतरचं. लांडगीला पिणारी दोन बाळं, पुढे शिरस्त्राण घातलेली रोमदेवता: तेही ३३० नंतरचं. घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला खुपसणारा सैनिक बहुधा कॉन्स्टॅन्शियस दुसऱ्याच्या काळातला. ही सगळी नाणी अफाट संख्येने पाडली गेली, म्हणून शिकायला हीच घ्यावीत. चुकलात तरी खिशाला भोक पडत नाही.

खरं की बनावट

खरं नाणं ठोकून पाडलेलं असतं. तापवलेली चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून वर हातोडा. त्या घावाने धातू बाहेरच्या बाजूला पळतो. भिंगाखाली अक्षरांच्या बुडाशी आणि कडेजवळ बारीक, किरणांसारख्या रेषा दिसतात, त्या याच पळण्याच्या. कडेला चिरा पडलेल्या असतात, आत शिरलेल्या, धारदार. ओतीव नकलेत साच्याने ती चीर उचललेली असते खरी, पण ती उथळ आणि गुळगुळीत येते, साबणाच्या वडीवर नखाने ओढलेल्या रेघेसारखी.

कड नीट फिरवून बघा. मधोमध बारीक शिवण असेल तर दोन अर्ध्या साच्यांतली ओतीव नक्कल. शिवण घासून काढलेली असेल तर कानसीचे समांतर ओरखडे दिसतात, मात्र दागिन्यातून काढलेल्या अस्सल नाण्यावरही असे ओरखडे असू शकतात. सपाट भागावर बारीक गोल खळगे म्हणजे ओतताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे. जमिनीतल्या क्षारांनी पडलेले खड्डे वेडेवाकडे असतात, गोल नसतात.

लोहचुंबकाला चिकटलं तर विषय संपला. न चिकटलं म्हणजे खरं, असा अर्थ मात्र नाही.

धातूची शंका असेल तर घरच्या घरी घनता काढता येते. काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा पेला ठेवा, भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घाला म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत, आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही असं लटकवा. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. ३.७५ ग्रॅमच्या नाण्याने ०.३६ दाखवलं तर घनता १०.४. शुद्ध चांदी १०.५, तांबं ८.९, शिसं ११.३, सोनं १९.३. पर्यटकांना विकतात ती कथिलाची नक्कल सातच्या आसपास येते. पण लहान नाण्यात ०.०१ ची चूक झाली तरी उत्तर १०.१ ते १०.७ मध्ये कुठेही जातं. त्यामुळे ढोबळ फसवणूक पकडायला ही पद्धत ठीक, शुद्धतेचे टक्के काढायला नाही. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या डिनारियसमध्ये चांदी निम्म्याच्या आसपास असते, तेव्हा तो ‘हलका’ आला म्हणून बनावट ठरवू नका.

प्राचीन काळीही लबाडी होतीच. तांब्याचा गाभा, वरून चांदीचं पान: अशा नाण्याला फुरे म्हणतात. वजन तीनच्या खाली, घनता नऊच्या आसपास, आणि झिजलेल्या गालावर हिरवं-तांबूस डोकावणारं. हे ‘बनावट’ असलं तरी दोन हजार वर्षांपूर्वीचं बनावट आहे, आणि त्याला गिऱ्हाईक असतं. सोळाव्या शतकात पडुआच्या जिओव्हानी दा काव्हिनोने सेस्टर्टियसच्या धर्तीवर केलेल्या पदकांचंही तसंच, ती आज कलावस्तू म्हणून विकली जातात.

नव्या ठशांनी पाडलेली आधुनिक बनावट सगळ्यात अवघड. तिथे भिंग आणि काटा दोन्ही पुरत नाहीत. उपाय एकच: त्याच प्रकारच्या विकल्या गेलेल्या नाण्यांचे फोटो शेजारी ठेवून तुलना. एकाच ठशातली दोन खरी नाणी चित्रात तंतोतंत जुळतील, पण चकतीचा आकार, चिरा आणि चित्र मध्यापासून किती सरकलंय हे वेगळं असेल. हेही जुळलं, एकच ओरखडा दोन्हीवर एकाच जागी आला, तर दोन्ही एका साच्यातली.

साफसफाई: शक्यतो नाहीच

चिंच, कोकम, लिंबू, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट. देव्हाऱ्यातल्या समया उजळतात म्हणून हे नाण्यालाही लावलं जातं, आणि दहा मिनिटांत नाण्याची निम्म्याहून जास्त किंमत गटारात जाते. तांब्यावरचा गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर म्हणजे पॅटिना. बारीक तपशील त्या थरातच टिकलेला असतो. खालचा धातू उघडा पडला की उरतो लालसर, खडबडीत तुकडा. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, आणि बांबूच्या काडीने हलक्या हाताने मऊ झालेली मातीच काढा. आठवडे लागतात.

एक रोग मात्र ओळखायलाच हवा. फिकट हिरवी, पिठासारखी, नखाने निघणारी बुरशीसारखी पूड दिसली तर तो ब्रॉन्झ डिसीझ. तांब्यातल्या क्लोराइडला हवेतली ओल मिळाली की तो धातू खात जातो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दोन महिन्यांत खड्डे पडतात. असं नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, पूड काडीने काढा, डिस्टिल्ड पाण्यात काही आठवडे बुडवून क्लोराइड बाहेर येऊ द्या, मग ओव्हनच्या मंद उष्णतेवर पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जेल ओलावलं की गरम करून पुन्हा वापरा. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटांत काहीच ठेवू नका. त्यातून निघणारा चिकट हिरवा थर चांदीवरसुद्धा बसतो. तो शुद्ध ॲसिटोनने निघतो, पण ते खिडकी उघडी ठेवून वापरा आणि गॅसजवळ नको.

सोन्याचं नाणं सोनाराकडे नेलं तर कसोटीवर घासू देऊ नका. कडेवरची ती एक रेघ कायमची राहते. आणि सोन्याच्या भावात तर विकूच नका. ७ ग्रॅमच्या ऑरियसची किंमत त्यातल्या सोन्याच्या कित्येक पट असते.

किंमत कशी काढायची

जुनं म्हणजे महाग हा गैरसमज आधी सोडा. दीड हजार वर्षांपूर्वीचं तांब्याचं नाणं एका हॉटेलच्या जेवणाच्या पैशात मिळतं, कारण ती अजूनही लाखांनी शिल्लक आहेत. ढोबळ पातळी अशी धरा: ओळखता येणारं चौथ्या शतकातलं एई-३ १० ते ३० युरो, गॅलिएनसकाळचा अँटोनिनियानस १५ ते ५०, सेव्हेरस घराण्यातला बऱ्या स्थितीतला डिनारियस ५० ते १२०, ट्राजन-हेड्रियनचा १०० ते २००, टायबेरियसचा २५० च्या वर. सॉलिडस शेकड्यांत, ऑरियस हजारांत. ओथोने ६९ मध्ये तीनच महिने राज्य केलं, म्हणून त्याचा झिजका डिनारियससुद्धा महाग.

स्थितीसाठी फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रिमली फाइन हे शब्द वापरतात. फाइन म्हणजे चेहऱ्याची बाह्यरेषा आणि बहुतेक लेख दिसतो. व्हेरी फाइनमध्ये केसांचे गुच्छ वेगळे दिसतात, एक्स्ट्रिमली फाइनमध्ये केसही. पण रोमन नाण्यात नुसती झीज मोजून भागत नाही. चित्र मध्यावर आहे का, नाव पूर्ण चकतीवर आलंय का, ठसा ताजा होता का, पृष्ठभाग खडबडीत आहे का, हे सगळं बघावं लागतं. कमी झिजलेलं पण खडबडीत नाणं जास्त झिजलेल्या गुळगुळीत नाण्यापेक्षा स्वस्त जातं. भोक पाडलेलं नाणं साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. कोरून केस-दाढी ‘सुधारलेले’ सेस्टर्टियस मुबलक आहेत. केसांच्या रेषा धारदार पण कानाची पाळी सपाट, असं विसंगत दिसलं की संशय घ्या.

मागितलेल्या किमती बघू नका, मिळालेल्या बघा. एसीसर्च आणि कॉइनआर्काइव्ह्ज या संकेतस्थळांवर जुन्या लिलावांचे निकाल फोटोसह आहेत. तोच कॅटलॉग क्रमांक, तशीच स्थिती, गेल्या दोन-तीन वर्षांतले सात निकाल घ्या. समजा आकडे आले ८०, ९५, ११०, ११५, १२०, १४० आणि २६० युरो. दोन्ही टोकं काढा, मधला आकडा ११५. हा हातोड्याचा भाव, म्हणजे लिलावात बोली थांबली तो आकडा. घेणाऱ्याने त्यावर लिलावगृहाचा २० टक्के प्रीमियम धरून १३८ दिले असतील. विकणाऱ्याचं कमिशन १५ टक्के धरलं तर त्याच्या हाती ९८ पडले. दुकानदार तेच नाणं थेट विकत घेईल तर आणखी कमी देईल, कारण त्याला ते महिनोन् महिने सांभाळायचं असतं. ‘याची किंमत काय?’ याला म्हणून निदान तीन उत्तरं असतात.

आणि चौथी गोष्ट, नाणं कुठून आलं त्याचे कागद. ब्रूटसने सीझरच्या खुनाच्या आठवणीसाठी पाडलेल्या नाण्याचा सोन्याचा नमुना २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरला गेला. पुढे त्याच्या मालकीचा इतिहास बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत द्यावं लागलं. नाणं खरं मानलं गेलेलं, कागद खोटे. लहान खरेदीतही बिल, जुन्या लिलावाचा क्रमांक, आधीच्या संग्राहकाचं हाताने लिहिलेलं तिकीट जपून ठेवा.

भारतात सापडलेलं नाणं

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्टियस ओढून नेतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचच्या बाजारात रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक नाण्यांत बदलताना चांगला फायदा मिळतो असं लिहिलंय, आणि त्याच बाजारात पैठण आणि तेरहून माल उतरत होता. तरी मोठे साठे सापडले ते तमिळनाडू, केरळ, आंध्र-तेलंगण, कर्नाटकात. महाराष्ट्रात रोमन नाणी थोडी. इथली चांदी वितळवून क्षत्रप-सातवाहनांनी स्वतःची नाणी पाडली असावीत, असं अभ्यासक मानतात.

साठ्यांतल्या चांदीत दोनच प्रकार पुन्हा पुन्हा येतात. एक ऑगस्टसचा, मागे ढाली-भाले घेऊन उभे असलेले त्याचे दोन दत्तक मुलगे गायस आणि ल्युशियस. दुसरा टायबेरियसचा, मागे बसलेली स्त्री आणि ‘पाँटिफ माक्सिम’ हा लेख. नीरोने चांदी कमी केल्यानंतरचे डिनारियस इथे विरळ आहेत. तेव्हा सेव्हेरसच्या डिनारियसबद्दल कोणी ‘आमच्या शेतात सापडला’ म्हणालं तर आणखी दोन प्रश्न विचारा. दक्षिणेतल्या सोन्याच्या नाण्यांवर चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव दिसतो. पुदुकोट्टईच्या १८९८ च्या साठ्यातली बहुतेक नाणी अशी आहेत. हा घाव म्हणजे नाणं भारतात वापरात होतं याची खूण, आणि म्हणूनच पुढचा परिच्छेद नीट वाचा.

जमिनीत सापडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू कलेक्टरला लेखी कळवणं १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याने बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याखाली १०० वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातून रीतसर विकत आणलेलं नाणंही या शंभर वर्षांच्या नियमात बसतं, म्हणून कस्टम्सची पावती सांभाळा आणि परत बाहेर पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा. तुर्कस्तानच्या सहलीत इफेससच्या प्राचीन अवशेषांच्या दारात कोणी खिशातून नाणं काढून दाखवलं तर चालू लागा. खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर विमानतळावर तुम्ही गेलात.

डोळा तयार करायला अस्सल माल बघावाच लागतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन, नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था, तेरचं लामतुरे संग्रहालय. चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात रोमन नाण्यांचा मोठा संग्रह आहे.

प्रत्येक नाण्यासोबत ॲसिड नसलेल्या कागदाचं तिकीट ठेवा, पेन्सिलने लिहिलेलं. वरच्या ट्राजनचं असं होईल: ट्राजन, डिनारियस, रोम, १०३–१११. ३.२८ ग्रॅम, १८.५ मिमी. मागे डावीकडे बघणारी एक्विटास. कॅटलॉग खंड २, पुढे क्रमांक. कधी, कुणाकडून, कितीला. जे नक्की वाचता आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका, रिकामी जागा सोडू नका.